लोखंडी पॅनेलचं कुंपण घालताय? पैसे आधी जमिनीत घाला

कोकणात घर बांधून झालं की पुढचा खर्च कुंपणाचा. पूर्वी गडगा घालायचे, चिऱ्याचा नाहीतर नुसत्या दगडांचा, आता गडगा रचणारी माणसं मिळत नाहीत आणि मिळाली तरी मजुरी ऐकून आपण गप्प बसतो. मग कोणी चेनलिंक लावतं, कोणी सिमेंटचे खांब आणि काटेरी तार, आणि ज्याला जरा नीटनेटकं हवं असतं तो लोखंडी फ्रेममध्ये वेल्डमेश (तारा वेल्ड करून केलेली जाळी) नाहीतर पत्रा बसवलेली पॅनेल लावतो. हे सगळं या शेवटच्या प्रकाराबद्दल आहे. स्वतः करणाऱ्यालाही उपयोगी आणि फॅब्रिकेटरकडून करून घेणाऱ्याला तर जास्तच, कारण काय विचारायचं तेच माहीत नसेल तर तो डिझाइनचा अल्बम दाखवतो आणि आपण भाले, फुलं, कमळं बघत बसतो.

माझं मत आधीच सांगतो. कुंपण म्हणजे खांब, खांबाखालचं काँक्रीट आणि लोखंडावरचं जस्त, बाकी सगळी सजावट. बजेट कमी असेल तर डिझाइन साधं करा, उंची अर्धा फूट कमी करा, पण खांब आणि खड्डा यात हात आखडू नका. गावोगाव जी कललेली कुंपणं दिसतात ना, त्यातली पॅनेल बहुतेक वेळा धडधाकट असतात, खांब गेलेले असतात.

हद्द आधी, खड्डा नंतर

हद्दीबद्दल शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा, आता ऑनलाइन होतो. मोजणीला लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, त्यांच्यासमोर खुणा होतात आणि नंतर तुम्हाला 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, मिळते. हे सगळं वेळखाऊ आहे, म्हणून कुंपणाचा विचार डोक्यात आला की त्याच आठवड्यात अर्ज टाका, माल नंतर बघू. खुणा झाल्या की त्या दिवशीच तिथे पक्के दगड गाडा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा, लाकडी खुंट्या गुरं पाडतात आणि वाळवी खाते.

दुसरी गोष्ट, खांब हद्दीवर नाही घालायचा, हद्दीच्या आत घालायचा. खड्डा एक फूट रुंद असेल तर खांबाचा मध्य हद्दीपासून निदान ८-९ इंच आत पाहिजे म्हणजे तुमचं काँक्रीट शेजाऱ्याच्या जमिनीत जात नाही. लोक म्हणतात तेवढी जागा वाया जाते. जाऊ दे, पुढेमागे कुंपणाला बाहेरून रंग मारायचा तर उभं राहायला तेवढीच जागा असते. सरबांधाची झाडं असतील, म्हणजे आंबा-काजू बरोबर बांधावर, तर शेजाऱ्याशी आधी बोलून घ्या आणि तिथे पॅनेल थांबवून झाडाच्या दोन्ही बाजूंना खांब द्या. झाडाला अँगल ठोकू नका, बुंधा वाढतो आणि लोखंड वाकवतो.

रस्त्याच्या बाजूला ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत विचारून घ्या, रस्त्याच्या मध्यापासून किती अंतर सोडायचं ते. उंचीचं म्हणाल तर राष्ट्रीय बांधकाम संहितेत कंपाउंड वॉल समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून १.५ मीटरपर्यंत, आणि वरचा ०.९ मीटर जाळीदार ठेवला तर २.४ मीटरपर्यंत असं आहे, आणि कोपऱ्यावरच्या प्लॉटला वळणावरचं दिसावं म्हणून याहून कडक मर्यादा आहेत. तुमच्या नगरपालिकेचा नियम वेगळा असेल तर तोच चालणार. आपण खाली साडेचार फुटाचं पॅनेल धरलंय, ते यात आरामात बसतं.

जाळी का पत्रा

हा निर्णय दिसण्यावर घेऊ नका, वाऱ्यावर घ्या. ताशी १०८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३० मीटर वारा धरला तर दर चौरस मीटरला साधारण ५५ किलोचा दाब येतो. ८ फूट बाय ६ फुटाचं सलग पत्र्याचं पॅनेल म्हणजे जवळपास साडेचार चौरस मीटर, म्हणजे एका पॅनेलवर अडीचशे किलोच्या घरात जोर, आणि तो जमिनीपासून तीन फूट वर लागतो, म्हणजे खांबाला बुंध्यातून उपटायला बघतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याकिनाऱ्याने गेलं, त्यावेळी पत्र्यांचं काय झालं ते इथल्या लोकांना सांगायला नको.

त्याउलट २ इंची चौकोनाची १० गेजची वेल्डमेश घ्या, तार सव्वातीन मिलिमीटरची, तर वाऱ्याला अडवणारं लोखंड जेमतेम आठवा हिस्सा, बाकी वारा आरपार. म्हणून माझा सल्ला, तीन बाजूंना जाळी आणि रस्त्याच्या बाजूला आडोसा हवाच असेल तर तेवढाच भाग पत्र्याचा, त्यातही पत्रा खाली-वर थोडा मोकळा ठेवून. आणि जाळीवर मधुमालती किंवा कृष्णकमळ चढवायची हौस असेल तर लक्षात ठेवा की दोन वर्षांनी ती जाळी राहत नाही, हिरवी भिंत होते आणि वाऱ्याला पत्र्यासारखीच अडवते. वेल चढवायचे त्या बाजूचे खांब पत्र्याच्या हिशोबानेच घाला.

पत्र्याच्या बाजूला खांब ८ फुटाऐवजी ६ फुटावर, खड्डा २ ऐवजी ३ फूट, पाइप ५० बाय ५० चा. जाळीच्या बाजूला ४० बाय ४० बाय २ मिमीचा चौकोनी पाइप पुरतो, फक्त कोपऱ्याचे खांब ५० चे घ्या.

माल घेताना वजन करा

पाइप २ मिमीचा सांगून १.६ चा देणं हा जुना खेळ आहे आणि नुसत्या डोळ्याला तो कळत नाही, कारण पाइपच्या तोंडाला कटरची बर, म्हणजे कापताना उरलेली खरबरीत कड, असते. सोपा उपाय वजन. ५० बाय ५० बाय २ मिमीचा ६ मीटरचा पाइप साधारण १८ किलो भरतो, तोच १.६ मिमीचा असेल तर साडेचौदा. ४० बाय ४० बाय २ चा ६ मीटर साधारण १४ किलो. अर्ध्या किलोचा फरक चालतो, तीन किलोचा नाही. दुकानदार किलोवर विकत असेल तर तुमचे पैसे बुडत नाहीत, पण खांब मात्र पातळ येतो, आणि फॅब्रिकेटरने चौरस फुटावर दर दिला असेल तर पातळ पाइपचा फायदा पूर्ण त्याचा. म्हणून कोटेशनवर पाइपची जाडी मिलिमीटरमध्ये आणि जाळीचा गेज लिहून घ्या, नुसतं 'हेवी' लिहिलेलं असेल तर परत करा.

आता जस्त. दुकानात 'जीआय', म्हणजे जस्त चढवलेलं लोखंड, म्हटलं की सगळं एकच वाटतं पण तसं नाही. पत्र्यावर जस्त किती ते ग्रॅममध्ये सांगतात, दोन्ही बाजू मिळून. १२० ग्रॅमचा म्हणजे एका बाजूला जेमतेम ८-९ मायक्रॉन थर, २७५ ग्रॅमचा म्हणजे १९ च्या आसपास, आणि तयार झालेली वस्तू वितळलेल्या जस्ताच्या टाकीत बुडवून काढली, त्याला हॉट डिप म्हणतात, तर नीट काम झालं असेल तर थर ७०-८० मायक्रॉनच्या घरात जातो. खाडीकाठी नाहीतर समुद्राजवळ घर असेल तर निदान खांब तरी हॉट डिप करून घ्या. मोठ्या एमआयडीसींच्या आसपास हे काम करणारे मिळतात, वजनावर पैसे घेतात, दोन-तीन घरांचं एकत्र पाठवलं तर टेम्पोचं भाडं वाटलं जातं. फक्त एक, पाइपची दोन्ही तोंडं वेल्डिंगने बंद करून पाठवू नका. टाकीतलं जस्त ४५० डिग्रीच्या आसपास असतं, बंद पाइपात अडकलेली हवा आणि ओल तापून पाइप फुटतो, म्हणून तोंडं उघडी किंवा भोकं पाडलेली लागतात. ते लोक स्वतःच परत पाठवतात म्हणा, पण फेरी फुकट जाते.

जाळीतही असंच. एक जाळी जीआय तारेची असते जी नंतर वेल्ड केलेली असते, म्हणजे प्रत्येक जोडावर जस्त जळालेलं, दुसऱ्या पावसाळ्यात प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यावर तांबडा ठिपका. दुसरी आधी वेल्ड करून मग जस्तात बुडवलेली असते, तिच्या जोडावर जस्त साचून गुळगुळीत झालेलं दिसतं. महाग आहे. पण घ्या.

हिशोब कसा करायचा

पाच गुंठ्याचा प्लॉट धरू. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट, तर पाच गुंठे ५४४५, समजा ६६ फूट बाय साडेब्याऐंशी फूट. घेर २९७ फूट. पुढच्या बाजूला एका टोकाला १२ फुटाचं गेट काढलं तर २८५ फूट कुंपण. आता सगळीकडे आठ-आठ फूट मोजत गेलात तर प्रत्येक बाजूच्या शेवटी दोन फुटाचं किंवा अडीच फुटाचं विचित्र पॅनेल उरतं आणि ते सगळ्यात जास्त डोळ्यात येतं. त्यापेक्षा प्रत्येक बाजू सारखी वाटा. साडेब्याऐंशीचे ११ भाग केले की साडेसात फूट बरोब्बर. मागच्या ६६ चे ९ भाग, ७ फूट ४ इंच. पुढच्या ५४ चे ७ भाग, ७ फूट साडेआठ इंच. एकूण ३८ पॅनेल, आणि गेट धरून ३९ खांब, त्यातले दोन गेटचे. ही अंतरं खांबाच्या मध्यापासून मध्यापर्यंतची आहेत हं, पॅनेल त्याहून खांबाच्या जाडीइतकं आणि वर दोन्ही बाजूच्या फटींइतकं कमी.

पाइप २० फुटी येतो. त्याचे तीन तुकडे केले तर प्रत्येक ६ फूट ८ इंच, दोन फूट जमिनीत, चार फूट आठ इंच वर. म्हणून मी साडेचार फुटाचं पॅनेल म्हणतोय, खाली दोन इंच मोकळे सोडायला जागा राहते आणि एक इंचही वाया जात नाही. पाच फुटाचं पॅनेल हवं म्हणालात की २० फुटात दोनच खांब निघतात आणि प्रत्येक पाइपचा मोठा तुकडा उरतो. उंची ठरवताना हे कोणी सांगत नाही. ३७ साध्या खांबांना १३ पाइप लागतील.

सिमेंट १:२:४ धरा, म्हणजे एक घमेलं सिमेंट, दोन वाळू, चार खडी. ५० किलोच्या एका गोणीत साधारण साडेपाच घनफूट काँक्रीट होतं. एक फूट बाय एक फूट बाय दोन फूट खड्डा म्हणजे दोन घनफूट, तर एका गोणीत पावणेतीन खड्डे. ३७ खड्डे आणि गेटचे दोन मोठे मिळून १६ गोण्या, वर दोन जास्तीच्या ठेवा, कारण खड्डा कागदावर एक फुटाचा असतो, जांभ्यात खणल्यावर सव्वा होतोच.

खड्डे

कोकणात कामाला दिवाळीनंतर सुरुवात करावी. माती पुरती सुकलेली नसते म्हणून पहार चालते, आणि क्युरिंगला, म्हणजे काँक्रीट भिजतं ठेवायला, विहिरीत पाणी असतं. एप्रिल-मे मध्ये जमीन दगड होते आणि पाण्याची बोंब, शिवाय मे मध्ये सगळ्या गावाला एकदमच काम करून घ्यायचं असतं म्हणून वेल्डर मिळत नाही.

मऊ जांभा आणि मुरमात दोन फूट खड्डा पुरतो. खालचा भाग वरच्यापेक्षा थोडा रुंद खणा म्हणजे काँक्रीटचा गोळा वर उपसून येत नाही, वरून रुंद आणि खाली निमुळता खड्डा हा सगळ्यात वाईट. कातळ लागला तर मात्र लोक काय करतात, सहा इंचावर थांबतात आणि वर काँक्रीटचा ढिगारा करतात, ते चालत नाही. ब्रेकर भाड्याने आणा आणि निदान एक-सव्वा फुटाचा पॉकेट काढून त्यात खांब ग्राउट करा, म्हणजे पातळ सिमेंट ओतून घट्ट बसवा, अख्खा कातळ असेल तर एवढ्यात भागतं. जांभ्याच्या चिऱ्यावर बेसप्लेट (खांबाखालची लोखंडी पाटी) ठेवून अँकर फास्टनर, म्हणजे भोकात फुगून बसणारा बोल्ट, मारायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका, चिरा सच्छिद्र आणि ठिसूळ असतो, फास्टनर फुगताना आतलं भुगा होतं. काँक्रीटचा बीम असेल तर बेसप्लेट ठीक आहे.

देशावरच्या काळ्या मातीचं प्रकरण वेगळं. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, दोन फुटाचा खांब दरवर्षी थोडा थोडा हलतो. तिथे तीन ते साडेतीन फूट खाली जा, खड्ड्याच्या बाजूने मुरूम ठोकून भरा. मग २० फुटात आठ फुटी दोनच खांब बसतात आणि चार फूट उरतात, ते तुकडे कोपऱ्याच्या खांबांना तिरका टेकू म्हणून लावून टाका.

खांब उभे करणे

सगळ्यात आधी कोपऱ्याचे आणि गेटचे खांब. ते ओळंब्यात उभे करून, दोन्ही बाजूंनी लाकडाचे टेकू देऊन काँक्रीट भरा आणि दोन दिवस हात लावू नका. मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन लाइनदोऱ्या ताणा, एक जमिनीपासून वीतभर वर आणि एक खांबाच्या माथ्याला. मधले खांब दोरीला टेकवायचे नाहीत, दोरीपासून एक सूत (इंचाचा आठवा भाग) लांब ठेवायचे, कारण एक खांब दोरीला लागला की तो दोरी ढकलतो आणि पुढचे सगळे वाकडे जातात. माथ्याची उंची पाण्याच्या नळीने मिळवा, स्पिरिट लेव्हलने आठ फुटावरचं नीट कळत नाही.

आता एक असं काम जे खांब पुरायच्या आधी करायचं असतं. पॅनेल खांबाला वेल्ड करू नका, बोल्टने लावा. त्यासाठी प्रत्येक खांबाला दोन्ही बाजूंना वर-खाली पत्तीचे तुकडे वेल्ड करून घ्यायचे, पत्तीत लांबट भोक, म्हणजे दोन-तीन सूत इकडेतिकडे झालं तरी बोल्ट बसतो. हे वेल्डिंग आधी झालं की मग खांब हॉट डिपला पाठवता येतात आणि जस्ताचा थर नंतर कुठेच जळत नाही. बोल्टचा खरा फायदा पुढे कळतो. बोअरवेलची गाडी आत घ्यायची आहे, माडाची झावळी पडून एक पॅनेल वाकलंय, मागच्या बाजूने रंग मारायचाय, दहा मिनिटात पॅनेल उतरतं. वेल्ड केलेलं असेल तर ग्राइंडर आणा, कापा, परत वेल्ड करा, आणि प्रत्येक वेळी गंजाला नवीन तोंड. चोरीची भीती वाटते त्यांनी गोल डोक्याचे बोल्ट बाहेरच्या बाजूने घालावेत आणि नट आतून.

खांबांमधलं अंतर टेपने मोजू नका, त्या बाजूच्या मापाची एक लाकडी पट्टी कापून घ्या आणि प्रत्येक वेळी तीच दोन खांबांमध्ये धरा. टेपमध्ये चूक होते, आणि ती मजूर बदलला की बदलते.

खांबाच्या तळाला एक फुटावर १० मिमी सळईचे दोन तुकडे आडवे वेल्ड करा, काँक्रीटमध्ये पकड बसते. काँक्रीट भरताना सळईने नीट टोचा, बुडबुडे निघायला पाहिजेत. वरचा भाग जमिनीच्या दोन इंच वर काढून थापीने चारी बाजूंना उतार द्या, कारण लोखंड गंजतं ते वर नाही आणि खाली नाही, बरोबर जमिनीला चिकटून, जिथे माती ओली राहते आणि हवाही लागते. त्या जागी, सहा इंच खाली आणि सहा इंच वर, खांब बसवायच्या आधीच डांबराचा काळा पेंट दोन हात मारून ठेवा. पाइपच्या माथ्याला टोपी लावाच, आणि काँक्रीटच्या लगेच वर एक बारीक भोक पाडा, आत जमलेलं पाणी निघून जायला.

क्युरिंग साध्या सिमेंटला निदान ७ दिवस, पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, असेल तर १०, आणि आजकाल दुकानात बहुतेक पीपीसीच मिळतं, गोणीवर बघा. प्रत्येक खांबाभोवती भिजलेलं गोणपाट गुंडाळा आणि सकाळ-संध्याकाळ पाणी मारा. तोपर्यंत पॅनेल चढवायची घाई नको, वेल्डरला दुसरीकडे जायचं असेल तर जाऊ दे.

पॅनेल

फ्रेमला १ इंची चौकोनी पाइप नाहीतर २५ बाय २५ बाय ३ चा अँगल. साडेसात फूट लांबीला मधे एक उभी पट्टी द्या, नाहीतर जाळीला पोट येतं. प्लॉट उताराचा असेल, आणि कोकणात असतोच, तर दोन पद्धती, एक पायऱ्या करायच्या म्हणजे प्रत्येक पॅनेल सरळ पण पुढचं चार-सहा इंच खाली, किंवा फ्रेमच तिरकी बनवायची. थोड्या उताराला तिरकी छान दिसते. जास्त उताराला पायऱ्याच बऱ्या, फक्त प्रत्येक पायरीखाली त्रिकोणी फट राहते ती चिऱ्याने भरा, कुत्री तिथूनच येतात. रानडुकराचा त्रास असेल तर पॅनेलखाली चिऱ्याचा एक थर जमिनीत फूटभर गाडून घ्या, डुक्कर शक्यतो उडी मारत नाही, उकरतं. वानरांसाठी कुठलंच कुंपण उपयोगाचं नाही, तो विषय सोडून द्या.

खालचे दोन इंच बुजवू नका. पावसाचं पाणी, पालापाचोळा, सगळं तिथून जातं, आणि माती फ्रेमला टेकली की खालची पट्टी पहिली कुजते. जिथून पऱ्ह्याचं, म्हणजे छोट्या ओहोळाचं, पाणी आत येतं तिथे तर पॅनेलखाली सहा इंच सोडा आणि वेगळी सुटी जाळी अडकवा जी जूनमध्ये काढून ठेवता येईल.

पत्रा लावणार असाल तर रबर वॉशरचे सेल्फ ड्रिलिंग स्क्रू, मशीन हळू फिरवून, वॉशर जरासा दबेपर्यंतच, चपटा होऊन बाहेर आला तर पाणी शिरणार. ग्राइंडरने पत्रा कापू नका, ठिणग्या रंगावर बसतात आणि महिन्यात तांबडे डाग येतात, कात्रीने कापा.

जीआयवर वेल्डिंग करावं लागलंच तर जोडाजवळचं जस्त आधी घासून काढा, मोकळ्या हवेत करा आणि धुराच्या विरुद्ध बाजूला बसा. जस्ताचा धूर जास्त गेला की त्या रात्री थंडी वाजून ताप येतो, वेल्डर लोक दूध प्यायला सांगतात, त्याने काही होत नाही, धूर टाळणं हाच उपाय. जोड थंड झाल्यावर वरचा पापुद्रा ठोकून, ब्रश मारून झिंकचा स्प्रे द्या.

गेट

गेटचे खांब कुंपणाचे नाहीत असं समजूनच घाला. ७५ बाय ७५ चा पाइप, खड्डा दीड बाय दीड बाय तीन फूट, आणि दोन्ही खड्डे जमिनीखालून काँक्रीटच्या पट्टीने जोडता आले तर उत्तम, मग ते एकमेकांकडे झुकत नाहीत. कारला १० फूट पुरतं पण सिमेंटचा टेम्पो वळून आत यायला १२ लागतात, आणि घर म्हटलं की टेम्पो येतच राहतो. बेअरिंगची बिजागरी घ्या. पल्ल्यातली तिरकी पट्टी खालच्या बिजागरीकडून वरच्या कडीच्या कोपऱ्याकडे गेली पाहिजे, फॅब्रिकेटर सवयीने उलटी मारतो, उभं राहून बघा. गेट आतल्या बाजूला उघडत असेल आणि अंगण चढाचं असेल तर पल्ला जमिनीला घासतो, हे गेट बनवायच्या आधी दोरी फिरवून तपासा.

रंग

काळ्या पाइपवर तेल असतं आणि निळसर पापुद्रा असतो, त्यावर डायरेक्ट रेडऑक्साइड मारलं की वर्षात पोपडे. आधी थिनरच्या फडक्याने पुसा, मग पॉलिश पेपर किंवा वायर ब्रश, मग त्याच दिवशी प्रायमर, रात्रभर उघडं ठेवलं तर कोकणच्या हवेत सकाळी परत तांबूस दिसतं. रेडऑक्साइडपेक्षा झिंक फॉस्फेट प्रायमर जास्त टिकतो. दोन हात प्रायमर, दोन हात ऑइलपेंट. नवीन जीआयवर मात्र ऑइलपेंट सरळ मारू नका, जस्तावर तो धरत नाही, सालीसारखा सुटतो. त्याला आधी वॉश प्रायमर किंवा जीआयचा म्हणून वेगळा मिळतो तो प्रायमर लागतो. नाहीतर हॉट डिपचे खांब तसेच करडे ठेवा, वर्षभरात चमक जाते आणि बरे दिसतात.

एक गोष्ट रंगापेक्षा महत्त्वाची. कुंपणावरून घरातली वायर, दिव्याची माळ, पंपाची केबल नेऊ नका. ओल्या दिवसात इन्सुलेशन कुठेतरी सोललं की अख्खं कुंपण जिवंत होतं आणि पहिला हात लहान मुलाचा लागतो. गेटवर दिवा हवा असेल तर केबल पाइपमधून जमिनीखालून न्या, त्या खांबाला अर्थिंग करा, बोर्डात आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा. आणि डुकरांसाठी घरचा करंट कुंपणात सोडणं हा गुन्हा आहे, त्यात माणसं मेली आहेत. झटका मशीन वेगळं असतं, त्याचा झटका क्षणभराचा असतो आणि त्याच्या तारा इन्सुलेटरवर असतात, तेही लोखंडी पॅनेलला न टेकवता.

पाऊस संपला की दरवर्षी एक फेरी मारा, खांबांच्या बुंध्याशी साचलेली माती ओढून काढा, बोल्ट आवळा, तांबडं दिसेल तिथे पॉलिश पेपर, प्रायमर, रंग. त्यासाठी उरलेला रंग घट्ट झाकण लावून उलटा करून ठेवा आणि डब्यावर शेड नंबर मार्करने लिहा, कागदी लेबल गोठ्यातल्या नाहीतर पडवीतल्या दमट हवेत टिकत नाही.